बोटीच्या रंगावर वाळून बसलेला टेपचा गोंद, रंग न उखडता कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा. मालवणातल्या एका पर्यटन बोटीच्या मालकांनी मे महिन्यात दुसऱ्याकडून घेतलेल्या आपल्या फायबर बोटीच्या दोन्ही बाजूंना पांढरा टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन, दोन डबे मिसळून मारायचा) रंग दिला. आठवड्याभरानं त्यावर निळा पट्टा मारायचा म्हणून मास्किंग टेप लावून घेतली आणि तेवढ्यात पाऊस आला. बोट किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली गेली. वाऱ्यानं ताडपत्री उडू नये म्हणून तिच्या कडा डक्ट टेपनं थेट बोटीलाच चिकटवल्या. आता गणपती झाल्यावर ताडपत्री काढली, तर मास्किंग टेपचा कागद नखानं धरला की कपचे निघतात आणि खाली तपकिरी गोंद तसाच राहतो. डक्ट टेपची वरची चंदेरी कातडी सुटून आली, पण जाळीचे धागे आणि राखाडी चिकटा बोटीवरच आहे. केबिनला साधा ऑइल पेंट आहे. तिच्यावरचं जुनं व्हिनाइल स्टिकर ओढून काढलं, तर त्याच्या अक्षरांच्या आकाराचा गोंद मागे उरला. धक्क्यावर कुणी पेट्रोल लावायला सांगतं, कुणी ब्लेडनं खरवडायला, कुणी थिनर. हंगाम तोंडावर आहे, काय करावं?

आधी पेट्रोल आणि ब्लेड दोन्ही लांब ठेवा. थिनरचा डबा मुख्यतः एका छोट्या परीक्षेसाठी लागेल, ती पुढे सांगतो. तुमच्या बोटीवर तीन वेगळ्या वस्तूंचे गोंद आहेत आणि ते दोन वेगळ्या जातींच्या रंगांवर बसलेत. सगळ्यांना एकच औषध लावलं, तर एखादा गोंद निघेल खरा, पण दुसरीकडे रंग सोलून येईल. टेपचा गोंद काढणं हे मुळात अवघड काम नाही. रंग शाबूत ठेवून काढणं अवघड आहे. पीयूचा एक डबा किती रुपयांना येतो आणि तो मारायच्या आधी घासकामात किती दिवस जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून या कामात घाई करू नका, एवढी मनापासून विनंती आहे.

टेपची ही दशा का होते ते समजलं, तर पुढचं सगळं सोपं होतं. मास्किंग टेप १९२५ मध्ये थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी तयार केली, ती मोटारींना दोन रंग देताना मधली कड सरळ यावी म्हणून. काही तास चिकटून राहायचं आणि काम झालं की सुटून यायचं, हेच तिचं काम. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पिवळट पांढरी कागदी टेप आजही त्याच कुळातली आहे. तिच्या गोंदात रबर असतं आणि त्या रबराला चिकटपणा यावा म्हणून राळेसारखं रेझिन मिसळलेलं असतं. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन लागला की हे रबर आधी मऊ, लिबलिबीत होतं. तेव्हा कागद सुटतो आणि गोंद खाली राहतो. आणखी काही आठवडे गेले की तोच गोंद कडक, तपकिरी आणि ठिसूळ होतो, कारण रबराच्या साखळ्या एकमेकींत गुंतून जाळं होतं. असं जाळं झालेला गोंद कशातच पूर्ण विरघळत नाही. तो नुसता फुगतो. जुन्या टेपवर थिनर ओतूनही काही होत नाही अशी तक्रार असते, तिचं कारण हेच. फुगलेला गोंद काढायला वेळ आणि बोथट पट्टी लागते, आणखी जहाल रसायन लागत नाही.

डक्ट टेपचा गोंदही बहुधा रबराचाच, पण थर जाड. मध्ये सुती किंवा पॉलिएस्टरची जाळी आणि वर प्लॅस्टिक. व्हिनाइल स्टिकरचा गोंद मात्र साधारणपणे ॲक्रिलिक जातीचा असतो. तो उन्हानं लवकर कुजत नाही, वर्षानुवर्षं पारदर्शक राहतो आणि तेलाला फारसा जुमानत नाही. रबराच्या गोंदावर तेल, रॉकेल, टर्पेंटाइन चालतं, कारण ही सगळी एकाच गोत्रातली. ॲक्रिलिकला अल्कोहोल लागतं. कोणता गोंद कोणता हे ओळखायला सोपी खूण आहे. पिवळा, तपकिरी किंवा राखाडी पडलेला असेल तर रबर धरून चाला. पाण्यासारखा स्वच्छ, पण बोट लावलं की चिकटणारा असेल तर ॲक्रिलिक.

आता रंगाची परीक्षा. तुम्ही म्हणता बाजूला पीयू आहे आणि केबिनला ऑइल पेंट, पण बोट आधी दुसऱ्याच्या हातात होती. खालचे थर कशाचे आहेत, आधी डागडुजी कशानं केली, हे कुणालाच ठाऊक नसतं. एक पांढरं सुती फडकं थिनरमध्ये किंचित ओलं करा आणि सीटखाली किंवा लॉकरच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, वीसेक वेळा घासा. फडक्यावर रंग भसाभस उतरला, जागा चिकट झाली किंवा सुरकुतली, तर तो सिंगल-पॅक रंग: ऑइल पेंट, सिंथेटिक इनॅमल, असलं काही. चमक जशीच्या तशी राहिली आणि फडक्याला जेमतेम खडूसारखी भुकटी लागली, तर टू-पॅक पीयू किंवा एपॉक्सी, नाहीतर रंग न दिलेला मूळ जेलकोट, म्हणजे फायबरचा साच्यातच तयार झालेला वरचा चकचकीत थर. काही जुन्या लाकडी आणि लोखंडी बोटींवर क्लोरिनेटेड रबरचा रंग असतो. तो दहा वर्षांचा झाला तरी थिनर आणि झायलीन लागताच विरघळतो, म्हणून ही परीक्षा सोडू नका. एका वर्कशॉपमध्ये फेरी बोटीचा निळा पट्टा पीयूचा आहे असं गृहीत धरून थिनरनं पुसला गेला आणि पट्टाच फडक्यावर आला, हे मी पाहिलंय. परीक्षेला दोन मिनिटं लागली असती.

दुकानात नुसतं थिनर मागितलं की बहुतेक ठिकाणी एनसी थिनर हातात पडतं. त्यात टोल्यूइन, ॲसिटोन, एस्टर असं जहाल मिश्रण असतं. परीक्षेला ते चालतं, पण गोंद काढायला तुम्हाला हवं आहे ते मिनरल टर्पेंटाइन, ऑइल पेंटमध्ये घालतात ते. दोन्हीचे डबे सारखेच दिसतात, तेव्हा नाव वाचून घ्या. बाकी सामान असं: खोबरेल तेल, सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांड्यांचा लिक्विड साबण, जुन्या बनियनचं धुतलेलं कापड भरपूर, पुट्टी ओढायची प्लॅस्टिकची पट्टी किंवा बाद झालेलं एटीएम कार्ड, स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म, केस वाळवायचा ड्रायर आणि नायट्राइलचे हातमोजे. भांडी घासायचे साधे रबरी मोजे टर्पेंटाइनमध्ये फुगतात आणि फाटतात. रॉकेल घरात असेल तर चालेल, पण आता ते सहजी मिळत नाही आणि त्याचा तेलकटपणा जास्त राहतो.

पहिलं काम गोड्या पाण्यानं धुणं. हे सांगायला फार साधं वाटतं, पण आपल्या किनाऱ्यावर इथंच सर्वाधिक नुकसान होतं. चार महिने उभ्या राहिलेल्या बोटीवर मिठाचा थर असतो, वाऱ्यानं आलेली वाळू असते आणि ती नेमकी त्या चिकट्याला चिकटून बसलेली असते. त्यावर फडकं फिरवलं की पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. पाणी भरपूर ओता, साबणाच्या पाण्यात बुडवलेला मऊ स्पंज हलक्या हातानं फिरवा, पुन्हा ओता, मग वाळू द्या. खारं पाणी या कामाला वापरू नका. विहिरीवरून चार हंडे आणावे लागले तरी आणा.

मास्किंग टेपपासून सुरुवात करा, कारण ती सगळ्यात जास्त लांबीवर आहे. अजून कागद शिल्लक आहे ही तुमच्या दृष्टीनं चांगली गोष्ट. कागद तेल पितो. प्लॅस्टिकची टेप पीत नाही. संध्याकाळी सगळ्या पट्टीवर ब्रशनं खोबरेल तेल सढळ हातानं लावा, वर प्लॅस्टिक फिल्म दाबून बसवा आणि रात्रभर सोडा. पूर्ण वाळलेल्या पीयूला खोबरेल तेलानं काही होत नाही. साध्या ऑइल पेंटलाही एका रात्रीत होत नाही. म्हणून आधी तेल आणि मग लागलंच तर टर्पेंटाइन, हा माझा क्रम असतो. तेल हळू चालतं, पण रंगाला त्याच्यापासून भीती नसते आणि उभ्या बाजूवर ते फिल्मखाली टिकूनही राहतं. टर्पेंटाइन ओघळून तळाला जातं.

सकाळी फिल्म काढून एका टोकाला प्लॅस्टिकची पट्टी अगदी आडवी, रंगाला जवळजवळ टेकलेली धरा आणि लांब, संथ ढकला. कागद आणि फुगलेला गोंद मिळून सुरनळी होऊन येतो. येत नसेल तिथं जोर करू नका, पुन्हा तेल लावा आणि पुढच्या तुकड्याकडे वळा. उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू यांत तुम्हाला फरक दिसेल. उन्हाच्या बाजूचा गोंद जास्त कडक झालेला असतो आणि त्याला दोन रात्री लागू शकतात. पट्टीची कड अधूनमधून बोटानं चाचपा. तिच्यात खाच पडली की ती रंगावर ओरखडे ओढते. अशी कड पॉलिश पेपरवर घासून सरळ करा किंवा पट्टी बदला. पोलादी पत्री आणि ब्लेड मी रंगावर वापरत नाही. सपाट काचेवर ब्लेड चालतं, पण बोटीची बाजू कुठंच सपाट नसते, आणि ब्लेडचा कोपरा एकदा पीयूत रुतला की ती रेघ रबिंग कंपाउंडनं, म्हणजे रंग घासून चमकवायच्या पेस्टनं, जात नाही.

कागद निघाल्यावर खाली जो पातळ चिकट थर उरतो, त्यावर टर्पेंटाइन. हे काम सकाळी किंवा सावलीत करा, कारण भर उन्हात टर्पेंटाइन गोंदात शिरायच्या आत उडून जातं. फडकं ओलं करा, निथळेल इतकं भिजवू नका, आणि तळहाताएवढ्या जागेवर पाच मिनिटं नुसतं टेकवून धरा. घासायचं नाही. मग एकाच दिशेनं पुसा, फडक्याची बाजू बदला, पुन्हा पुसा. बहुतेक जण इथं गोल गोल घासतात. त्यानं होतं काय, तर विरघळलेला गोंद पातळ होऊन दुप्पट जागेवर पसरतो, टर्पेंटाइन उडालं की परत चिकटतो आणि माणूस म्हणतो, काही फरकच पडत नाही. गोंद फडक्यावर आला पाहिजे आणि ते फडकं कामातून बाद झालं पाहिजे. एका बाजूच्या पट्टीला फडक्यांचा ढीग लागतो. तिथं कंजूषी करू नका.

डक्ट टेपच्या जाळीला उष्णता लागते, म्हणून हे काम टर्पेंटाइनचा डबा उघडायच्या आधीच उरकून घ्या. इथं आपल्याकडचं ऊन मदतीला येतं. ऑक्टोबरच्या दुपारी बाराच्या सुमारास बोट उन्हात असेल तेव्हा धागे ओढायला घ्या, किंवा ड्रायरनं वीतभर जागा तापवा. रंगावर हात टेकवून चार-पाच सेकंद ठेवता आला पाहिजे, त्यापलीकडे तापवू नका. साध्या पॉलिएस्टर रेझिनचं फायबर ६०-७० अंशांच्या पुढं मऊ पडायला लागतं आणि खालच्या काचतंतूंची वीण वर उमटते. ती पुन्हा जात नाही. हीट गनच्या तोंडाशी ३०० अंशांच्या वरची हवा असते. ज्यांचा हात बसलेला आहे ते लांबून आणि हलती ठेवून ती वापरतात, पण पहिल्यांदा करणाऱ्यानं ड्रायरच घ्यावा. धाग्यांचं एक टोक सुटलं की ते वर उचलून ओढू नका. मागे, स्वतःवरच दुमडून, रंगाला समांतर आणि सावकाश ओढा. बाहेरच्या दिशेला ओढलं की सगळा ताण रंगाच्या थरावर येतो. दुमडून ओढलं की तो टेपच्या कडेवर राहतो आणि गोंद टेपबरोबर येण्याची शक्यता वाढते.

धागे निघाल्यावर उरलेला राखाडी चिकटा अजून ओला, लोळणारा असेल, तर काट्यानं काटा काढता येतो: नव्या डक्ट टेपचा तुकडा त्यावर दाबायचा आणि झटक्यानं उचलायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा उचलायचा. जाड थरातला पुष्कळसा भाग कोरडाच निघून येतो, कोणतंही द्रावण न लावता. वाळून गेलेल्या गोंदावर याचा उपयोग नाही. तिथं परत तेल, फिल्म आणि रात्र.

टेप ओढताना एखाद्या ठिकाणी रंगच सोलून आला, तर तिथंच थांबा आणि खाली काय दिसतंय ते बघा. रंगाच्या मागच्या बाजूला प्राइमर चिकटून आला असेल आणि खाली गुळगुळीत, चकचकीत जेलकोट दिसत असेल, तर दोष टेपचा नाही. रंगापूर्वी जेलकोट घासला गेलेला नाही, किंवा त्यावरचं साच्याचं मेण धुतलं गेलेलं नाही. असा रंग आज टेपनं निघाला, उद्या धक्क्याला बोट घासली की निघेल. त्या जागेची कड घट्ट रंग लागेपर्यंत पॉलिश पेपरनं उतरती घासून घ्या आणि तेवढा तुकडा प्राइमरपासून नव्यानं करा.

केबिनवरच्या स्टिकरचं काम वेगळं आहे आणि जास्त नाजूक. गोंद ॲक्रिलिक, त्याला अल्कोहोल हवं. खाली ऑइल पेंट, त्याला थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही लागलं तर तो सुरकुतून वर येतो. पूर्ण वाळलेला ऑइल पेंट आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडा वेळ सहन करतो, पण कोपऱ्यात आधी करून बघा. उभ्या भिंतीवर ते ओघळतं, म्हणून मी एक साधी युक्ती वापरतो: हात स्वच्छ करायचं जेल सॅनिटायझर. त्यात अल्कोहोलच असतं, पण जेल असल्यामुळे ते जागेवर टिकतं. अक्षरांवर जाडसर लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, गोंद पांढुरका होऊन गोळा व्हायला लागला की प्लॅस्टिकच्या पट्टीनं अलगद ढकला. लगेच साबणाच्या पाण्यानं पुसा, कारण सॅनिटायझरमधलं ग्लिसरीन मागे राहतं. चार-पाच फेऱ्यांत निघतं. निघत नसेल तर वेळ वाढवण्यापेक्षा फेऱ्या वाढवा. कुणी तुम्हाला ड्रिलला लावायचं रबराचं चाक सुचवेल. पीयूवर, जेलकोटवर आणि मोटारीच्या भट्टीत भाजलेल्या रंगावर ते फार सुंदर काम करतं. ऑइल पेंटवर नको. चाकाच्या घर्षणानं रंग तापतो आणि चाकाबरोबर गुंडाळला जातो.

गोंद गेल्यावरही स्टिकरची अक्षरं वाचता येतील. घासत बसू नका, तो गोंद नव्हे. स्टिकरखालचा रंग उन्हापासून वाचला आणि आजूबाजूचा फिका पडला, त्या फरकाची ती छाया आहे. ऑइल पेंटवर बारीक रबिंग कंपाउंडनं आजूबाजूचा भाग हलका उजळला की छाया बरीच मिटते. पण रंग बराच जुना असेल तर केबिनला एक नवा हात देणं हाच खरा उपाय. पीयूच्या बाजूंवर मात्र कंपाउंड जपून वापरा. ब्रशनं किंवा स्प्रेनं दिलेल्या पीयूची चमक त्याच्या अगदी वरच्या पातळ थरात असते. तो थर कंपाउंडनं खरडला की त्या दिवशी आरशासारखं दिसतं आणि पुढच्या दोन हंगामांत तेवढीच जागा मलूल पडते. पीयूवर राहिलेला शेवटचा पुसट डाग अल्कोहोलनं किंवा त्याच रंगाच्या कंपनीच्या पीयू थिनरनं, दोन-चार सेकंदांच्या एका पुसण्यात काढावा. रंगाला चारेक महिने झाले आहेत, एवढं तो सहज सोसतो. रंग आठवडाभराचाच असता तर हे मी सांगितलं नसतं.

आता निळ्या पट्ट्याकडे जायच्या आधी एक टप्पा आहे, आणि घाईत तोच राहून जातो. तुम्ही त्या जागेवर तेल लावलं आहे, टर्पेंटाइन लावलं आहे. डोळ्यांना स्वच्छ दिसलं तरी तेलाचा अदृश्य पापुद्रा तिथं असतो. त्यावर पीयू मारला की रंग गोल गोल मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. लिक्विड साबण आणि कोमट गोड्या पाण्यानं दोनदा धुवा, वाळवा, मग अल्कोहोलनं पुसा: एक ओलं फडकं पुढं, लगेच मागून एक कोरडं. आणि मग नुसतं पाणी शिंपडून बघा. पाण्याचा अखंड पडदा काही वेळ तसाच टिकला तर जागा स्वच्छ. पाणी तुटून मण्यांसारखं गोळा झालं तर अजून तेल किंवा मेण आहे, पुन्हा धुवा. अंदाजावर जाऊ नका, पाण्यावर विश्वास ठेवा.

त्यानंतर पट्ट्याची जागा बारीक वॉटर पेपरनं मलूल करून घ्यावी लागेल, कारण चार महिन्यांत कडक झालेल्या पीयूवर नवा थर घासल्याशिवाय धरत नाही. टेप यावेळी दुसरी घ्या. निळ्या रंगाची जी टेप मिळते तिचा गोंद उन्हाला जास्त तग धरतो, आणि तिच्या वेष्टनावर किती दिवस ठेवता येईल ते छापलेलं असतं. आपल्या उन्हात त्यातले निम्मेच दिवस धरा. कड रेखीव हवी असेल तर कडेला प्लॅस्टिकची फाइनलाइन टेप आणि तिच्या बाहेर साधी कागदी, असं करा. पट्ट्याचा शेवटचा हात मारल्यावर रंग बोटाला ओढल्यासारखा लागतो पण बोटावर येत नाही, त्या सुमारास टेप मागे दुमडून काढा. पूर्ण कडक होऊ दिलात तर कडेला कपचे उडतात. दुपारी आभाळ भरून आलं आणि पट्टा मारता येणार नाही असं दिसलं, तर लावलेली टेप त्याच संध्याकाळी काढून टाका. शंभर-दीडशे रुपयांची टेप फुकट गेली तर जाऊ द्या. ताडपत्री मात्र बोटीला चिकटवू नका. पोटाखालून दोर घ्या किंवा कडेच्या रिंगांना वाळूची पोती लटकवा.

बोटीच्या बाकी भागांवर चिकटा असेल तर थोडं वेगळं वागावं लागतं. पाण्याखालच्या तळावर अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणूनचा) रंग असेल तर तिथं कोणतंही द्रावण लावू नका. तो रंग मुळातच झिजण्यासाठी बनवलेला असतो, फडक्याबरोबर निघून येतो, आणि त्यातलं तांबं हाताला व पाण्याला बरं नाही. गोंद पट्टीनं खरवडा आणि त्या जागेवर पुढचा हात द्या. डेकच्या खरबरीत भागावर पट्टी चालत नाही. तेल, अर्धा तास, मग मऊ नायलॉनचा ब्रश आणि साबण. केबिनच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या असतील तर त्यांच्या जवळपाससुद्धा थिनर आणि ॲसिटोन आणू नका. त्यांच्यात केसांसारखे तडे जातात, कधी लगेच तर कधी आठवड्यानं. अल्कोहोलही तिथं नको. खोबरेल तेल आणि साबण पुरतात, फक्त वेळ लागतो. लाकडी भागावर स्पिरिट पॉलिश असेल तर अल्कोहोलनं ते विरघळेल, तिथं टर्पेंटाइन घ्या. वॉर्निश असेल तर आधी तेलावर भागवा.

पेट्रोलबद्दल शेवटी बोलतो, कारण ते धक्क्यावर सगळ्यात आधी हाताला लागतं. गोंद त्यानं निघतो यात शंका नाही. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळात, इंजिनाच्या आणि बॅटरीच्या जागेत जाऊन बसते. तिथं बिल्ज पंपाच्या (तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) स्विचची एक ठिणगी पुरते. शिवाय त्यात बेंझीन असतं, ते कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं आणि त्यानं कर्करोग होतो. बोट वाचवायला निघालेल्या माणसानं हे करू नये. टर्पेंटाइन आणि अल्कोहोलही जळतंच, म्हणून काम चालू असताना बॅटरीची मेन वायर काढून ठेवा, केबिनची दारं-खिडक्या उघडी ठेवा, आणि बिडी-सिगारेटवाल्यांना लांब बसवा. ड्रायरचं काम आणि द्रावणाचं काम एका वेळी, एका जागी करू नका. ड्रायरमधली तार लाल होते. उष्णतेचं सगळं काम आधी संपवा, जागा थंड होऊ द्या, आणि मगच डबा उघडा.

वापरलेली फडकी चुरगाळून लॉकरमध्ये कोंबू नका, आणि खाडीत तर अजिबात टाकू नका. मोकळ्या हवेत एकेक पसरून, दगड ठेवून पूर्ण वाळू द्या. उरलेलं गढूळ टर्पेंटाइन बाटलीत भरून ठेवलं की गाळ तळाशी बसतो आणि वरचं स्वच्छ टर्पेंटाइन ब्रश धुवायला परत वापरता येतं.